टोकावरचे सहाशे चौदा

लडाख, चौकीवरून
१४ जुलै २०२४

ती. आई,

साष्टांग नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. इथे फोन लागत नाही. महिन्यातून एकदा सामान आणायला खाली तळावर जाते तेव्हा तुझा आवाज कानावर पडतो, आणि त्यातला अर्धा वेळ "ऐकू येता मां?" यातच जातो. टपालाची गाडी मात्र आठवड्याला वर येते. म्हणून ठरवलं, आता लिहायचंच.

चौकी एका मोठ्या तळ्याच्या काठावर आहे. तळ्याचं नाव लिहायची परवानगी नाही. झाड औषधालाही नाही. सतराजणांच्या तुकडीत आम्ही दोघीच बायका, मी आणि हिमाचलची एक. थंडी जुलैतही हाडात शिरते.

गेल्या महिन्यात गस्तीच्या वाटेवर खड्यांमध्ये तीन अंडी दिसली. घरटं असं नाहीच, नुसता खळगा. पक्षी मूठभर. डोळ्यांवरून काळी पट्टी आणि छातीवर विटेच्या रंगाचा पट्टा. मी जवळ गेले की एक पंख मोडल्यासारखा करून लंगडत पळायचा, म्हणजे मी त्याच्यामागे जावं आणि अंडी वाचावीत. आम्ही गस्तीची वाट तेवढ्यापुरती वीस पावलं वळवली. आता पिल्लं बाहेर पडून काठावर धावताहेत.

एक पक्षी-अभ्यासक इथून गेले. ते म्हणाले, हा चिखल्या. ऑगस्ट लागला की पर्वत ओलांडून समुद्राकडे जातो. मी म्हटलं, कुठल्या समुद्राकडे? तर म्हणाले, "तुमच्या कोकणातसुद्धा." आई, मी मिठबावच्या वाळूवर वाढले आणि मला हा पक्षी कधी दिसला नाही! तू खाडीच्या तोंडाशी टोकावर जाऊन बघशील?

तुझी,
संचिता

---

मिठबाव
६ ऑगस्ट २०२४

चि. संचिता,

आईचा आशीर्वाद. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा शेजारची सीता हातातली कोयती तशीच घेऊन धावत आली. "काय झाला गो सत्यवती?" हल्ली पत्र येणं म्हणजे वाईटच काहीतरी, असं लोकांना वाटतं. मी म्हटलं, "चेडवान पाखरां बघूक सांगितल्यान हा." ती कोयती खाली ठेवून हसायलाच लागली.

मलाही आधी हसू आलं. तुझे बाबा गेल्यापासून मी टोकाकडे फिरकले नव्हते. पण दीपअमावास्येला पाऊस उघडला होता, तेव्हा भरती बघून गेले. पाणी चढलं की बाकीची वाळू बुडते आणि टोक तेवढं कोरडं राहतं. आणि बाय माझे, तिथे ते बसले होते. आमच्याकडे त्यांना नावच नाही, सगळी पाणपाखरंच. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर. पहिल्यांदा वाळूचेच गोळे वाटले. मग एक गोळा चालायला लागला. छातीवरचा विटेचा रंग तू लिहिलास तसा, पण धुवून विटलेल्या लुगड्यासारखा.

मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशी. कसे मोजले म्हणशील, तर आंब्यासारखे. पंधरा वर्षं आंब्याच्या पॅकिंगला गेले ती फुकट गेली नाहीत. एका हातात दोन, एका हातात तीन, पाचाची एक फेक. वीस फेका झाल्या की शंभर, आणि वाळूतली एक शिंपी ओटीत. इथे हातांच्या जागी डोळे.

तुझ्या चौकीचे हेच का ते मला ठाऊक नाही. पण तुझ्याकडून कोणी आलं असं वाटलं खरं. घरी येऊन उगाचच तांदळाचे पोळे घातले.

थंडीत डोकं उघडं ठेवू नकोस.

तुझी आई

---

लडाख
२० ऑगस्ट २०२४

ती. आई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि चौथ्यांदा सगळ्यांना हिंदीत करून सांगितलं. आमचे साहेब म्हणाले, "तुम्हारी माँ को यहाँ भरती कर लो."

इथले मोठे पक्षी सगळे गेले. पिल्लं अजून आहेत. ते अभ्यासक म्हणाले होते ते खरं. आईबाप आधी निघतात, पिल्लं मागाहून आपली आपण जातात. वाट दाखवायला कोणी नसतं. तीन महिन्यांचं सुद्धा पिल्लू नाही, आणि मधे हिमालय! काल एक दगडावर उभं राहून सारखं दक्षिणेकडे बघत होतं. मला उगाच तुझी आठवण आली. दलात भरती व्हायला देवगडच्या एसटीत मी चढले तेव्हा तू हात केला नव्हतास. नुसती उभी राहिली होतीस.

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला मोजशील का? वहीत लिहून ठेव. तुझाही वेळ जाईल. घरात एकटी किती बसशील! टोकापर्यंत चालत जाऊ नकोस, मितेशला सांग, तो गाडीवरून सोडेल. काकांचा झील काय परका आहे?

संचिता

---

मिठबाव
१२ सप्टेंबर २०२४

चि. संचिता,

आशीर्वाद. गणपती आज गेले. यंदा गणपतीवर टांगायच्या माटवीला कवंडळाची फळं मिळाली नाहीत, रानातल्या कांगल्यांचे घोस आणि सुपारी बांधली. पाच दिवस घर भरलेलं होतं, त्यामुळे पत्राला उशीर.

एकटी बसते वगैरे मनातून काढून टाक. वेळ घालवायला मी तिकडे जात नाही. काम म्हणून जाते. वही केली आहे. तारीख, तिथी, वारा, आकडा. नारळी पौर्णिमेला तीनशे पाच. गेल्या अमावास्येला चारशे एकोणचाळीस. आणि तुझी पिल्लं आली, गो! पाठीवर फिकट किनार, जणू प्रत्येक पिसाला कोणी पांढरा दोरा घातला आहे, आणि छातीवर विटेचा रंग नाही. एक आलं, माझ्यापासून दहा हातांवर उतरलं, आणि तसंच डोळे मिटून बसलं. मी श्वास धरून बसले. एवढ्या लांबून आलेल्याला खोकून उठवायचं कसं!

कॉलेजात शिकवणाऱ्या एक शर्मिला मॅडम किनाऱ्यावर भेटल्या. वही बघून म्हणाल्या, "आजी, आकडे जरा जास्त वाटतात. नवख्या माणसाचं असं होतं." मी वही पिशवीत ठेवली. घरी येऊन मात्र दोन भाकऱ्या कमी जेवले.

मितेशला वेळ नसतो. त्याच्या कामात असतो. मी चालतच जाते, पाय चांगले आहेत.

आई

---

मिठबाव
१६ सप्टेंबर २०२४

संचिताताई,

तू म्हणशील, ह्येका कधीपासून पत्रा लिवची सवय लागली? काय करतलंय, तुजो फोन लागना नाय. आणि लिवक बसलंय तर माजी भाषा मालवणीच येता, ती समजान घे.

तुका काकीन सांगल्यान नसतला. गेल्या वर्षी मी होडी विकलंय आणि वाळूर चलवच्यो चार बीच बाईक घेतलंय. पर्यटक येतत, टोकापर्यंत जातत, फोटो काढतत. बरा चल्लला. आता काकी दर भरतीक छत्री आणि वही घेवन टोकार जावन बसता. परवा माजी गाडी गेली तर ती उठान वाटेत उबी रवली. गिऱ्हाईक म्हणता, "ही म्हातारी कोण?" मी काय सांगू? माजी काकी, म्हणान सांगू? आवशीसारख्या तिणाच माका लहानाचो मोठो केल्यान, आणि आता माज्याच गाडयेच्या पुढ्यात!

तिणा ग्रामपंचायतीक अर्ज दिल्यान हा. भरतीक टोकार गाड्यो नको म्हणान. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो येतलो. घरातली गजाल सगळ्या गावासमोर! माजा म्हणना, थंय पन्नास पाखरां असतीत नायतर नसतीत. काकी चारशे सांगता. ताई, तिका तू नादाक लावलंस, आता तूच समजाव.

तुजो भाव,
मितेश

---

लडाख
२७ सप्टेंबर २०२४

आई,

मितेशचं पत्र आलं. तू मला हे का सांगितलं नाहीस? मी इथून "मितेशच्या गाडीवर जा" असं लिहीत होते आणि तू "तो त्याच्या कामात असतो" म्हणून गप्प!

अर्ज मागे घे. मी हात जोडते. पक्षी मला आवडतात, पण काकांचं घर आणि आपलं घर एका आवाठात, शेजारी-शेजारी, एका विहिरीवर. उद्या मला रजा मिळाली नाही आणि तुला रात्री बरं वाटेनासं झालं तर मितेशच धावत येणार आहे. बारक्याशा पाखरांपायी माणूस तोडू नकोस. सभेत बोलायची तुला सवय नाही. लोक हसतील, ते मला सहन होणार नाही.

माझ्यासाठी तरी.

संचिता

---

मिठबाव
९ ऑक्टोबर २०२४

चि. संचिता,

तुझं पत्र काल आलं. सभा दोनला झाली. उशिरा आलं हेच बरं झालं. आधी आलं असतं तर मी कदाचित तुझं ऐकलं असतं.

पहिल्यापासून सांगते. सांगितलं नाही ती माझी चूक. तू तिकडे बंदूक घेऊन उभी, तुला घरचं भांडण कशाला, असं वाटलं.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. घराघरांत पितरांना नैवेद्याची वाडी दाखवायची घाई, तरी शाळेत साठेक माणसं जमली. शर्मिला मॅडमना सरपंच सुभद्रावहिनींनी मुद्दाम बोलावलं होतं. माझा अर्ज वाचला, आणि वहीतला गेल्या पौर्णिमेचा आकडाही, सहाशेच्या आसपास. मितेश उठला. रागाने नाही, पण मोठ्याने बोलला. "काकी सहाशे म्हणता. मी रोज थंय असतंय. पन्नास पाखरां नाय! काकीचे डोळे आता साठीचे." लोक हसले. तू म्हणालीस तसेच.

मी उभी राहिले. पाय कापत होते, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "मितेश, तू गाडी घेवन जातंस तेव्हा पन्नासच दिसतले. बाकीची उडान गेलेली असतत. मी बसान रवतंय म्हणान माका दिसतत. आणि डोळ्यांचा म्हणशील, तर ह्याच डोळ्यांनी पंधरा वर्षां आंबे मोजलंय. एका तरी पेटयेत चूक गावली काय, विचार कोणाक."

मागून, ज्यांच्याकडे मी पॅकिंगला जायचे त्या बागायतदारांचे ओंकार म्हणाले, "नाय गावली. ह्या माका म्हायत आसा."

सुभद्रावहिनी म्हणाल्या, "वाद कित्याक? साडेबाराक भरती. चला, बघूया."

आणि गाव निघाला, गो! म्हातारे दाजीसुद्धा काठी टेकत आले. मी सगळ्यांना शंभर पावलं अलीकडे, वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीत बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. जन्मात माझं कोणी एवढं ऐकलं नसेल. पाणी चढत गेलं तसे ते आले. वीस, तीस, एकदम शंभर. पाण्यालगत वळताना सगळ्यांची पोटं एकाच वेळी पांढरी चमकायची, आणि कोणीतरी मागे नवलाने "आवशीक!" म्हणायचं.

मॅडमच्या दोन विद्यार्थ्यांनी दुर्बिणीतून मोजलं. एकाचे पाचशे चाळीस, एकाचे पाचशे पंच्याऐंशी. माझ्या ओटीत सहा शिंप्या आणि वर चौदा. सहाशे चौदा. मॅडमनी फोटो काढून ठेवले.

तेवढ्यात आवाज आला. मितेशची एक बाईक घेऊन कोणी पर्यटक पलीकडून टोकावर आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! सगळा थवा उठला. फेरी मारली, उतरायला आला, गाडी बघून पुन्हा उठला. समुद्रावर गेला, परत आला, पुन्हा उठला. दुसरी कोरडी जागाच नाही त्या वेळी. मितेश दोन्ही हात हलवत, "बंद कर! बंद कर गाडी!" म्हणून ओरडत पाण्यातून धावला. गाडी थांबली, तरी ते कितीतरी वेळ फिरतच होते. साठ माणसं माना वर करून त्यांच्यामागे नजर फिरवत होती.

शेवटी दाजी बोलले. तू त्यांना ओळखतेस, चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते. म्हणाले, "वादळात होडी बंदरार येता आणि बंदरात कोण घेना नाय, तशी गजाल झाली ही." एवढंच. दर्यावर गेलेल्या माणसांना आणखी सांगायला लागत नाही.

पुन्हा शाळेत आलो. मॅडमनी फोटो संगणकावर मोठे करून एकेका पक्ष्यावर ठिपका टाकला. सव्वा तास लागला, तरी कोणी घरी गेलं नाही. आकडा आला सहाशे सतरा. मॅडम उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजी, नवखी मी होते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते तीन लागून राहिले आहेत. तीन गेले कुठे? खडकाच्या बाजूला असणार. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करीन.

ठराव मांडायला सुभद्रावहिनी उठत होत्या, तर मितेश आधी उठला. खाली बघून म्हणाला, "भरतीच्या अडीच तास आदी आणि अडीच तास मगे माजी गाडी टोकार जावची नाय. लिवा. सही मी करतंय." कोणी त्याला सांगितलं नव्हतं. ठराव एकमताने झाला. गाड्या आता दक्षिणेकडच्या वाळूवर चालतात.

तू लिहिलंस, पाखरांपायी माणूस तोडू नको. बाय माझे, माणूस तुटला नाही. चुलीपाशी वाढवलेला आहे तो, मला ठाऊक होतं. संध्याकाळी पितरांच्या वाडीतलं वड्याचं पान घेऊन त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "काकी, तुजा ता पाचाचा मोजप माका शिकय."

आता माझा प्रश्न. सत्तावीस तारखेच्या पत्रातलं अक्षर तुझं नेहमीचं नाही. ओळी उजवीकडे घसरल्या आहेत. काय झालं ते लिही. माझ्या डोळ्यांना काय दिसतं ते आता गावालाही कळलं आहे.

आई

---

लडाख
२६ ऑक्टोबर २०२४

ती. आई,

तुझ्यापुढे काही लपत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला गस्तीवर बर्फावरून पाय सरकला, उजवं मनगट मोडलं. ते पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं. आता प्लास्टर निघालं आहे आणि हे उजव्या हाताने लिहिते आहे, नीट बघ. तू मितेशचं लपवलंस, मी हाताचं. फिटंफाट.

आई, मी तुला गप्प बस म्हटलं त्याची लाज वाटते. मला वाटायचं, धाडस करायला मी घरातून बाहेर पडले आणि तू मागे राहिलीस. गणवेश मला मिळाला, म्हणून शूर मी. साठ माणसं हसत असताना कापत्या पायांनी उभं राहायला काय लागतं, ते इथल्या कुठल्या शिक्षणात मला कोणी शिकवलं नाही.

तुझं पत्र मी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना वाचून दाखवलं. सहाशे सतराला पोचले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. साहेबांनी गस्तीच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली: काठावरची घरट्यांची जागा सोडून वाट कायमची वळवली. माझ्यानंतर येणारी तुकडीही तिकडूनच जाईल. कारण विचारलं तर म्हणाले, "इनकी माँ का इलाक़ा है."

तळ्याला कडेने बर्फ धरू लागलं आहे. इथे आता एकही पक्षी नाही.

तुझी,
संचिता

---

मिठबाव
१७ नोव्हेंबर २०२४

संचिताताई,

काकी तुका ह्या लिवची नाय, म्हणान मी लिवतंय.

शर्मिला मॅडमनी काकीची वही ओरोसाक नेल्यानी. थंय जिल्ह्याच्या पक्षीगणतीची बैठक होती. काकीक बोलावलेला. मी नेलंय तिका एसटीन. सायबांच्या समोर काकी साफ शुद्ध मराठीत बोलली, माका तर घाम फुटलो. कोणीतरी विचारल्यान, तुमचं शिक्षण किती? काकी म्हणाली, "सातवी. पण मोजणीला पंधरा वर्षं." आता मिठबावच्या टोकाची गणती दरवर्षी काकीच्याच नावार आसा. गाडयेत परत येताना ती खिडकीतसून बघी होती. मिठबाव जवळ इला तेव्हा माका म्हणाली, "संचिताक पत्र घालूक व्हया."

परवा त्रिपुरी पौर्णिमा. पुण्याचे धा-बारा पर्यटक भरतीच्या वेळेक माज्याकडे इले. गाडी टोकार न्या म्हणाले. मी म्हटलंय, आता नाय, दोन तासांनी. एकजण तापलो. "कोणाचा हुकूम आहे?" म्हणता. मी काय केलंय, सगळ्यांका मर्यादवेलीपर्यंत चलत नेलंय आणि हळूच बसयलंय. फुडे काकी बसलेली, छत्री मिटलेली, ओटीत शिंप्यो. तिच्या फुडे सगळी वाळू पाखरांनी भरलेली. तो मनुष्य माज्या कानात म्हणता, "त्या बाई कोण?"

मी म्हटलंय, "ती माजी काकी. गप रवा. मोजता हा."